मीठ आणि साखर एकत्र झाली तर वेगळी कशी करायची?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घरी नववीच्या मराठी माध्यमाच्या मुलांची शिकवणी घेता. मिश्रणांचा धडा मुलांना तोंडपाठ आहे. गाळणं, बाष्पीभवन, संप्लवन, ऊर्ध्वपातन, सगळ्यांच्या व्याख्या येतात. पण 'वाळू, मीठ, नवसागर आणि लोखंडाचा कीस एकत्र आहेत, वेगळे करा' असं विचारलं की मुलं अंदाजानं एकेक नाव सांगत सुटतात. त्यात एका मुलानं विचारलं, मीठ आणि साखर एकत्र झाली तर काय करायचं, दोन्ही तर पाण्यात विरघळतात! इंटरनेटवर तुम्हाला 'अल्कोहोल घाला, साखर विरघळेल आणि मीठ तळाला राहील' असं उत्तर मिळालं. ते खरं का, आणि घरी प्रयोगशाळा नसताना हे सगळं मुलांना कसं दाखवायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी निपाणीकडं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, रसायनशास्त्र शिकवतो, त्याआधी बरीच वर्षं हायस्कूलला होतो. तुमची अडचण दरवर्षी माझ्याही वर्गात असते. मुलांना पद्धती कमी येतात अशातला भाग नाही. पुस्तकात आधी पद्धतीचं नाव येतं, मग तिची आकृती, मग एक उदाहरण. त्यामुळं मुलं डोक्यात पद्धतींची यादी घेऊन मिश्रणाकडं बघतात आणि त्यातली कुठली चिकटवावी हे हुडकत बसतात. बघायचं असतं उलट्या बाजूनं. आधी मिश्रणातल्या पदार्थांकडं बघायचं आणि विचारायचं, या दोघांत फरक कशात आहे? एकाला चुंबक ओढतो, दुसऱ्याला नाही? एक पाण्यात विरघळतो, दुसरा नाही? एक तापवल्यावर उडून जातो, दुसरा जागेवर राहतो? एकाचे दाणे मोठे, दुसऱ्याचे बारीक? फरक सापडला की पद्धत आपोआप ठरते. फरकच सापडला नाही, तर जगातली कुठलीही पद्धत कामाची नाही.

आता तुमच्या पहिल्या मिश्रणाकडं येऊ. लोखंडाच्या किसाला चुंबक ओढतो, बाकी तिघांना नाही. म्हणून तो आधी काढायचा, आणि सगळं कोरडं असतानाच काढायचा. ओलं झाल्यावर कीस वाळूला चिकटून बसतो, आणि मिठाच्या पाण्यात तर तो बघता बघता गंजायला लागतो. चुंबक नुसता फिरवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. मग पिशवी उलटी करून चुंबक बाहेर ओढला की सगळा कीस कागदावर पडतो. नाहीतर चुंबकावरचा कीस नखानं खरवडत बसावं लागतं. एखाद्या मुलाला नदीची कोरडी वाळू घेऊन त्यात चुंबक फिरवायला सांगा. बऱ्याचदा बारीक काळे कण चिकटून वर येतात. ते लोहयुक्त खनिजाचे असतात. 'वाळू म्हणजे एकच पदार्थ' ही समजूत तिथंच सुटते.

उरले वाळू, मीठ, नवसागर. इथं मुलं हमखास पाणी घालायला धावतात. पाणी घातलं तर वाळू बाजूला निघेल हे बरोबर, पण मीठ आणि नवसागर दोन्ही विरघळून एकाच भांड्यात जाणार. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात मीठ 36 ग्रॅमच्या आसपास विरघळतं, नवसागर 37 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाण्याच्या दृष्टीनं त्या तापमानाला दोघांत काहीच फरक नाही. फरक आहे तो तापवण्यात. नवसागर तापवला की वितळायच्या भानगडीत न पडता वाफेच्या रूपात वर जातो आणि थंड पृष्ठभागावर पांढरा थर होऊन बसतो. मीठ वितळायलाच 801 अंश लागतात, त्यामुळं ते जागचं हलत नाही. म्हणून आधी संप्लवन, मग पाणी घालून गाळणं, शेवटी गाळलेलं पाणी आटवून मीठ.

एखादा मुलगा म्हणाला, 'सर, मी आधी पाणी घालून वाळू काढली, पाणी आटवलं, आणि मग उरलेल्या मीठ-नवसागराचं संप्लवन केलं,' तर त्यालाही पूर्ण गुण द्यायला हवेत. द्रावण मंद आचेवर आटवलं म्हणजे झालं. पुस्तकात एक क्रम छापलाय म्हणून दुसरा चूक होत नाही. क्रम तपासताना एवढंच बघायचं, की प्रत्येक पायरीला एक पदार्थ सुटा होतोय ना, आणि दोन पदार्थ परत न सुटण्यासारखे अडकत नाहीत ना.

आता मीठ आणि साखर. त्या मुलाचं मनापासून कौतुक करा, कारण त्यानं धड्यातला सर्वांत अवघड प्रश्न विचारलाय.

आधी अल्कोहोलचं सांगतो. ते उत्तर अर्धंच खरं आहे, आणि ज्या ठामपणे ते सांगितलं जातं तसं ते चालत नाही. साध्या तापमानाला 100 ग्रॅम शुद्ध इथेनॉलमध्ये साखर 1 ग्रॅमसुद्धा धड विरघळत नाही. मीठही त्यात जेमतेमच विरघळतं, म्हणजे फरक असला तरी फार थोडा. पण दोन चमचे साखर वेगळी करायला बाटल्याच्या बाटल्या शुद्ध अल्कोहोल लागेल. त्यात पाणी मिसळलं तर साखर जास्त विरघळते, पण मग मीठही विरघळायला लागतं आणि होता तो फरक पुसट होतो. बाजारात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये पाणी असतंच. शिवाय ते पेट घेतं, मुलांच्या हातात देण्यासारखं नाही. तेव्हा वहीत 'अल्कोहोलनं वेगळं करता येतं' असं लिहून पुढं जाऊ नका.

मग करायचं काय? खरं सांगायचं तर ते तुम्हाला काय हवंय यावर अवलंबून आहे. शाळेत हा भाग आम्ही मास्तर लोक घाईत उरकतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'वेगळं करा' म्हणजे नक्की काय? दोन्ही पदार्थ हवेत का एकच? चिमूटभर आहे का पोतंभर? नव्वद टक्के शुद्ध चालेल, का औषधाच्या दर्जाचं पाहिजे? हे ठरल्याशिवाय पद्धत ठरत नाही.

समजा दोन्ही हवेत, मिश्रण कोरडं आहे आणि थोडंफार इकडंतिकडं झालं तरी चालतं. मग पाण्याचं नावच काढू नका. आपल्याकडं दुकानात मिळणारी साखर बहुतेक मध्यम दाण्याची असते, आणि पाकिटातलं मीठ अगदी बारीक. घरातली बारीक चाळण घ्या, मीठ खाली पडेल आणि साखर वर राहील. थोडा साखरेचा भुगा खाली जाईल, थोडं मीठ दाण्यांना चिकटून राहील. पण चव घेऊन बघा, फरक लगेच कळतो. मात्र पिठीसाखर आणि बारीक मीठ असेल तर चाळणीचा उपयोग नाही. खडेमीठ असेल तर सगळं उलटं होईल, साखर खाली आणि मीठ वर. तुमच्या खानापूरच्या पावसाळ्यात मिश्रणाला ओल सुटून गोळे झाले, तरीही जमणार नाही. मिश्रण तेच, पण दाण्याचा आकार आणि हवा बदलली की उत्तर बदललं.

समजा फक्त मीठ हवंय आणि साखर गेली तरी चालते. मग मिश्रण लोखंडी कढईत तापवा. साखर 186 अंशांच्या आसपास वितळते, तपकिरी होते आणि शेवटी जळून काळा कोळसा होतो. मिठाला त्या तापमानाचं काहीच वाटत नाही. थंड झाल्यावर पाणी घाला, मीठ विरघळेल, कोळसा गाळून काढा आणि पाणी आटवा. मीठ मिळेल, साखर मात्र कायमची गेली, कारण तिचा पदार्थच बदलला. भौतिक आणि रासायनिक बदलाचा फरक दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही. हे मोठ्या माणसानं करून दाखवायचं, धूर भरपूर होतो.

समजा फक्त साखर किती आणि मीठ किती एवढंच हवंय. मग वेगळं करायचीच गरज नाही! साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलॅरिमीटर असतो. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाची पातळी उजवीकडं वळवतं आणि मीठ वळवत नाही. किती अंश वळली यावरून साखर मोजतात. चिकोडी, संकेश्वरकडं उसाला 'पोल किती लागला' असं म्हणतात ना, तो पोल हाच. मीठ मोजायचं तर सिल्व्हर नायट्रेट घालून क्लोराइड मोजता येतं. म्हणजे वेगळं करायचंय का ओळखायचंय, हेही आधी ठरवावं लागतं.

आणि दोन्ही शुद्ध हवीत, तेही पाण्यात विरघळल्यानंतर, तर? तिथं खरी परीक्षा आहे. त्यासाठी विद्राव्यतेचा, म्हणजे कुठल्या तापमानाला काय किती विरघळतं याचा, तक्ता उघडावा लागेल. तो पुस्तकात असतो, पण त्याच्याकडं कुणी फारसं बघत नाही.

साखरेकडं येण्याआधी त्या तक्त्यातल्या मीठ आणि पोटॅशियम नायट्रेट या दोन ओळी शेजारी ठेवा. 100 ग्रॅम पाण्यात मीठ 283 केल्विनला 36 ग्रॅम आणि 353 केल्विनला 37 ग्रॅम, म्हणजे 10 अंशांपासून 80 अंशांपर्यंत जवळजवळ सपाट. पोटॅशियम नायट्रेट मात्र 283 ला 21, 293 ला 32, 313 ला 62, 333 ला 106 आणि 353 ला 167. ही ओळ चढच चढ. आता मुलांना गणित घाला. 100 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेटमध्ये 10 ग्रॅम मीठ मिसळलंय. ते 60 अंशांच्या, म्हणजे 333 केल्विनच्या 100 ग्रॅम पाण्यात टाकलं. 106 पर्यंत जागा आहे, म्हणून 100 विरघळलं, मीठही विरघळलं. आता हे द्रावण 20 अंशांपर्यंत थंड करा. पोटॅशियम नायट्रेटला आता 32 ग्रॅमचीच जागा उरली, म्हणजे 68 ग्रॅम स्फटिक होऊन बाहेर पडणार. मिठाला 36 ग्रॅमची जागा आहे आणि ते फक्त 10 आहे, म्हणून ते पाण्यातच राहणार. (एकाच्या असण्यानं दुसऱ्याची विद्राव्यता थोडी बदलते, पण शाळेच्या गणितात ते सोडून देऊ.) एकदा थंड केलं की 68 ग्रॅम बरंच शुद्ध पोटॅशियम नायट्रेट हाती. उरलेलं 32 ग्रॅम पाण्यातच गेलं.

ते 32 ग्रॅम मुलांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. स्फटिकीकरणात शुद्धता मिळते ती काही वाटा सोडून देऊन. 'पदार्थ पूर्णपणे वेगळा होतो' हे वाक्य पुस्तकात वाचायला सोपं आहे, पण प्रत्यक्षात शेवटचा थोडा भाग नेहमी मागं राहतो. तो मिळवायचा तर खर्च वाढत जातो, म्हणून कुठंतरी थांबावंच लागतं.

याच तक्त्यावरून मिठाचंही कळतं. मिठाचं द्रावण कितीही थंड करा, जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. म्हणून मिठागरात समुद्राचं पाणी उन्हात आटवतात. थंड करून स्फटिक काढणं आणि आटवून काढणं यातलं काय निवडायचं, हे या तक्त्यातली ओळ सपाट आहे का चढती यावर ठरतं.

मग साखरेचं काय? साखर 20 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात 200 ग्रॅमच्या आसपास विरघळते, उकळत्या पाण्यात तर 480 ग्रॅमच्या वर. ओळ चढती आहे, म्हणजे कागदावर थंड करून साखर बाहेर यायला हवी. पण प्रत्यक्षात इतकी साखर विरघळली की पाक चिकट होतो, आणि त्या चिकट पाकात साखरेच्या रेणूंना एकमेकांजवळ येऊन रचून बसायला खूप वेळ लागतो. त्यात क्षार असले की काम आणखी अडतं. साखर कारखान्यांना हे रोज भोगावं लागतं. उसाच्या रसात पोटॅशियमचे क्षार असतातच. पॅनमध्ये पाक आटवून साखर काढतात, सेंट्रिफ्युगलमध्ये फिरवून दाणे वेगळे करतात, उरलेला पाक परत आटवून परत साखर काढतात. असं दोन-तीन वेळा केल्यावर शेवटी जो काळा मोलॅसिस उरतो, त्यातही तिसरा हिस्सा म्हणण्याइतकी साखर शिल्लक असते. क्षार आणि बाकीची शर्करा ती बाहेर येऊ देत नाहीत. म्हणून तो मोलॅसिस डिस्टिलरीला जातो. तिथं यीस्ट ती साखर खाऊन अल्कोहोल करतं. म्हणजे तुमच्या त्या मुलाचा 'मीठ आणि साखर' हा प्रश्न मोठमोठ्या कारखान्यांनाही पूर्ण सुटलेला नाही. काही ठिकाणी आयन वगळणाऱ्या रेझिनच्या स्तंभातून पाठवून क्षार आणि साखर वेगळी करतात, पण ती नववीची गोष्ट नाही.

डिस्टिलरीचा विषय निघालाच तर ऊर्ध्वपातनाचंही एक वाक्य. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पाणी 100 ला, म्हणून वेगळं होतं असं मुलं लिहितात. पण वाफ कितीही वेळा थंड करा, 95-96 टक्क्यांच्या पुढं अल्कोहोल शुद्ध होत नाही. त्या प्रमाणाला पोचलं की वाफेतलं आणि द्रवातलं मिश्रण सारखंच होतं, फरक संपतो. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमधलं उरलेलं पाणी काढायला मग मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे रेणूंची चाळण, वापरतात. उत्कलनबिंदूत फरक उरला नाही, म्हणून रेणूच्या आकारातला फरक धरला.

आता प्रयोगशाळा नाही म्हणून तुम्ही खंत व्यक्त केलीत. तुमच्या आसपास गुऱ्हाळ लागत असेल तर मुलांना एक सकाळ तिथं न्या. मी मुलांना निपाणीकडच्या गुऱ्हाळांवर नेत आलोय. या धड्यातल्या अर्ध्या गोष्टी तिथं एका काहिलीत दिसतात.

घाण्यातून आलेला रस कापडातून गाळतात. कापडात चिपाडाचे तुकडे, माती अडकते. पण रस तरीही गढूळ, हिरवट राहतो. 'सर, गाळलं तरी स्वच्छ का नाही झालं?' हा प्रश्न मुलांकडून आलाच पाहिजे. नाही आला तर तुम्ही विचारा. रसात प्रथिनं, मेण, डिंकासारखे पदार्थ इतके बारीक तरंगत असतात की ते कापडातून सरळ निघून जातात आणि नुसतं ठेवून दिलं तरी तळाला बसत नाहीत. हा कलिल. गाळणीची भोकं आणि कणांचा आकार यांत फरक उरला नाही, मग फरक तयार करावा लागतो. गुळव्या रस तापवतो, त्यात चुन्याची निवळी घालतो, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतो. रस थोडा आंबट असतो, चुन्यानं तो आंबटपणा मोडतो. त्यामुळं तापवताना साखर फुटून तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होणं कमी होतं, आणि तरंगणारे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. उकळी फुटायच्या आधी काहिलीच्या कडेनं हिरवट-काळी जाड मळी वर चढायला लागते, तिच्यात बुडबुडे अडकलेले असतात. मोठ्या झाऱ्यानं ती ओढून काढतात. खालचा रस तोवर सोनेरी झालेला असतो. मुलांनी रसाचा एक ग्लास मळी काढायच्या आधी आणि एक नंतर भरून घ्यावा, शेजारी ठेवून बघावा.

त्यानंतर नुसतं आटवणं. साध्या रसाचं पाणी 100 अंशांच्या जरा वर उकळतं, पण पाणी उडून साखर दाट होत गेली की उकळायचं तापमान चढत जातं. काकवीच्या टप्प्याला 105 अंशांच्या पुढं, आणि गूळ उतरवायच्या वेळी 118 च्या आसपास. गुळव्याकडं तापमापक असेलच असं नाही. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का बघतो. ती गोळी म्हणजे पाण्याचं प्रमाण किती उरलंय याचं मोजमापच आहे. गुळात साखर, थोडी फुटलेली शर्करा, क्षार आणि लोह सगळं एकत्रच राहतं. कारखान्यातली साखर आणि गूळ यांत फरक इथं आहे. एकात शेवटी स्फटिक वेगळे काढतात, दुसऱ्यात काढत नाहीत. कारखाना हवेचा दाब कमी करून पाक आटवतो, त्यामुळं तो कमी तापमानाला उकळतो आणि साखर तपकिरी होत नाही. काहील उघडी, म्हणून गुळाला तो रंग.

गुऱ्हाळ नसेल तर पावसाळ्यातलं नदीचं पाणी चालेल. तुमच्याकडची तांबडी माती पाण्यात मिसळली की तिचे अगदी बारीक कण तासन्‌तास तळाला बसत नाहीत. दोन काचेच्या ग्लासांत तेच लाल पाणी घ्या, एकात तुरटीचा खडा थोडा वेळ फिरवा. काही वेळात तिथं कापसासारखे गोळे दिसायला लागतील आणि खाली बसतील, दुसरा ग्लास तसाच लाल राहील. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटीतलं अॅल्युमिनियम तो भार मोडतं आणि पाण्यात जिलेटीसारखा हायड्रॉक्साइड तयार करून कणांना ओढून घेतं. चुना आणि भेंडीनं काहिलीत जे केलं, तेच तुरटी इथं करते.

कधी कधी पाणी सोडून दुसरा द्रावक घ्यावा लागतो. याचं मोठं उदाहरण बेळगावातच आहे, अॅल्युमिनाचा कारखाना. बॉक्साइटमध्ये अॅल्युमिना आणि लोहाचे ऑक्साइड एकत्र असतात, दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत. मग गरम कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण घेतात. अॅल्युमिना त्यात विरघळतो, लोहाचे ऑक्साइड विरघळत नाहीत आणि तांबडा चिखल होऊन वेगळे होतात. द्रावण थंड करून त्यात आधीचे बारीक स्फटिक टाकतात, की अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड बाहेर पडतं. विरघळवणं, गाळणं, थंड करून स्फटिक काढणं, धड्यातल्याच तीन गोष्टी, फक्त द्रावक बदलला. अशा वेळी 'पाण्यात दोन्ही सारखे वागतात, मग दुसऱ्या कशात वेगळे वागतील?' हा प्रश्न विचारायची सवय मुलांना लागली पाहिजे.

उलट बाजूही सांगतो, कारण तुमच्या वर्गात शेतकऱ्यांची मुलं असणार. अथणीकडं द्राक्षबागांना ठिबकमधून 13:0:45 खत देतात. ते म्हणजे वरच्या गणितातलं पोटॅशियम नायट्रेटच. बादलीत विरघळवताना बादली गार लागते, कारण ते विरघळताना उष्णता ओढून घेतं. कॅल्शियम नायट्रेटही पाण्यात सहज विरघळतं, 0:0:50 म्हणजे पोटॅशियम सल्फेटही विरघळतं, जरा कमी. पण दोन्ही एकाच टाकीत दाट करून मिसळली तर पांढरा साका बसतो आणि ड्रिपर चोक होतात. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन जिप्सम तयार होतं, आणि ते 100 ग्रॅम पाण्यात पाव ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. विरघळणारे दोन पदार्थ एकत्र केल्यावर विरघळलेलेच राहतील असं नाही, हे ज्याच्या बागेत ठिबक आहे त्या मुलाला लगेच पटतं.

घरी करता येईल असा आणखी एक प्रयोग म्हणजे खडूवरची क्रोमॅटोग्राफी. फळ्यावरचा पांढरा खडू घ्या, खालून दीड-दोन सेंटीमीटरवर काळ्या स्केचपेननं गोल रेघ ओढा. बशीत अर्धा सेंटीमीटर पाणी घेऊन खडू उभा करा, रेघ पाण्याच्या वर राहिली पाहिजे, नाहीतर सगळा रंग बशीतच उतरतो. पाणी खडूतून चढत जाईल आणि काळ्या रेघेतून निळा, गुलाबी, पिवळसर असे पट्टे सुटत जातील. प्रत्येक रंग पाण्याला आणि खडूला कमी-जास्त धरून राहतो, तेवढाच फरक. सगळ्या कंपन्यांची काळी शाई फुटेलच असं नाही, म्हणून दोन-तीन पेनं ठेवा. बॉलपेनची रेघ मात्र पाण्यात हलणार नाही. ती का हलली नाही हे मुलांनाच सांगू द्या, अॅल्युमिना ऐकल्यावर ती बरोबर सांगतात.

नवसागराचा प्रयोग मात्र घरी करू नका. तो कल्हईवाल्याकडं सहज मिळतो म्हणून मोह होतो, पण तापवल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, त्यांचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. तो शाळेतच, उघड्या खिडकीजवळ, शिक्षकांनी करायचा. घरी चुंबक, वाळू आणि मिठापर्यंत थांबलं तरी क्रमाचा विचार शिकवता येतो. 13:0:45 ही कोरडं तापवायचं नाही आणि कागद-कोळशाजवळ ठेवायचं नाही. स्फटिक वाढवायचे असतील तर तुरटी घ्या. गरम पाण्यात मावेल तेवढी विरघळवा, गाळा, दोरा सोडून दोन-तीन दिवस न हलवता ठेवा.

शेवटी परीक्षेचं. असा प्रश्न आला की मुलांना उत्तराच्या आधी कच्च्या पानावर तीन रकाने आखायला सांगा. पहिल्यात पदार्थाचं नाव, दुसऱ्यात त्याचा इतरांपेक्षा वेगळा असलेला गुणधर्म, तिसऱ्यात त्या गुणधर्मावर चालणारी पद्धत. दुसरा रकाना भरल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही. मग उत्तरात प्रत्येक पायरीला 'कारण' हा शब्द यायला हवा. 'लोखंडाचा कीस चुंबकानं वेगळा केला, कारण बाकीचे तिन्ही पदार्थ चुंबकाकडं ओढले जात नाहीत.' दहावीनंतर ही मुलं पीयूसीला आली की विज्ञान इंग्रजीतून सुरू होतं आणि पाठ केलेल्या मराठी व्याख्या पहिल्या महिन्यात गळून पडतात. 'कारण' लिहायची सवय असलेली मुलं मात्र नवीन नावं पटकन उचलतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. सुरुवातीला चार पदार्थांचं मिश्रण देऊ नका. दोनच द्या, पण एक पदार्थ बदलत राहा. वाळू-मीठ, मग वाळू-साखर, मग मीठ-खडू, मग मीठ-तुरटी. शेवटची जोडी दोन्ही विरघळणारी आहे, आणि तिथं मुलांना विद्राव्यतेचा तक्ता स्वतःहून मागावा लागतो.